थायलंडमधल्या क्राबीची चार बेटं : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पोहता येत नाही म्हणून स्नॉर्कलिंग सोडू नका. लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथं पडायचं आणि खाली बघत राहायचं. खरा प्रश्न मास्कचा, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या काचेचा. बोटीवर हाताला लागेल तो घेऊ नका. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. केसांची बट अडकली किंवा मिशी जाड असली की पाणी शिरतंच. काचेला आतून थुंकी चोळून विसळा, धुकं धरत नाही. आधी कमरेएवढ्या पाण्यात नळीतून तोंडाने श्वास घ्यायची सवय करा; गाइडने कितीही घाई केली तरी.

तारीख भरती-ओहोटी बघून ठरवा. टब आणि चिकन बेटांमधली वाळूची वाट ओहोटीलाच उघडी पडते.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्या आणि मागे बसा, पुढे दणके फार.

ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनला थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच उतरा, पाठ हमखास भाजते. आणि दमलात तरी प्रवाळावर पाय टेकू नका, तो जिवंत असतो. उताणे व्हा, जॅकेट तुम्हाला धरून ठेवेल.