उशीर झाला तरी प्रार्थना सोडू नकोस

बाळा, बाप्तिस्मा घेतलास, तरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीचं काही जमेना म्हणून तू खट्टू झालायस, हे कळतं मला. बायबलमधल्या योसेफाचं बघ. 17 व्या वर्षी गुलाम म्हणून विकला गेला, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता. मधे तुरुंगात असताना राजाला द्राक्षारस देणाऱ्या ज्या प्यालेबरदाराचं स्वप्न त्यानं उलगडून सांगितलं, तो सुटल्यावर योसेफाला साफ विसरला. आणखी 2 वर्षं तुरुंगातच गेली. तिथंही त्यानं हातातलं काम टाकलं नाही, आणि मला तर हेच फार मोलाचं वाटतं. राग आला तर देवापुढेच बोल. स्तोत्र 13 मध्ये दावीद राजाही ‘कोठवर?’ असंच विचारतो. रविवारची उपासना चुकवू नकोस. कन्नड बोलायचा सराव चालू ठेव, सोमवारी पुन्हा अर्ज घेऊन जा. निघण्याआधी घरी ये, मिळून प्रार्थना करू.