वजन, आधार आणि कर्ता-कर्माची अदलाबदल

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकते. टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाने त्याला दिलेला आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असे मी चाचणीत लिहिले आणि माझे गुण कापले गेले. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असताना हे चूक कसे?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : गुण कापले गेले ते योग्यच झाले, पण चूक तुमच्या एकटीची नाही. न्यूटनचा तिसरा नियम शाळेपासून इतका तोंडपाठ झालेला असतो की, क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग गळून पडतो. तुम्ही लिहिलेली दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात, म्हणून ती जोडी असूच शकत नाही.

खरी जोडी ओळखायला व्याकरण पुरते. 'पृथ्वी पुस्तकाला ओढते' या वाक्यातील कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करा, क्रियापद मात्र तेच ठेवा : 'पुस्तक पृथ्वीला ओढते.' ही वजनाची प्रतिक्रिया. 'टेबल पुस्तकाला ढकलते' याची जोडी त्याच रीतीने 'पुस्तक टेबलाला ढकलते' अशी होते.

मग वजन आणि आधार समान का निघाले? पुस्तक स्थिर होते म्हणून. म्हणजे पहिल्या नियमामुळे (स्थिर वस्तूवरील बले एकमेकांना तोलतात), तिसऱ्यामुळे नव्हे. ही समानता मोडून पाहायची असेल, तर घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये वजनकाटा घेऊन उभे राहा (आकडा गोठवणारा डिजिटल काटा नको, सुईचा हवा, शेजारी हसतील, त्यांना हसू द्या). तुमचे वस्तुमान ६० किलो असेल, तर वजन ६० × ९.८१ म्हणजे सुमारे ५८९ न्यूटन. लिफ्ट वर निघताना तिचे त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर काट्याचा आधार ६० × १०.८१ म्हणजे सुमारे ६४९ न्यूटन होतो आणि सुई ६६ किलोंच्या आसपास जाते. मधल्या मजल्यांवर वेग एकसारखा असताना ती ६० वर येते आणि वर पोहोचताना लिफ्टचा वेग त्याच प्रमाणात मंदावला, तर ५४ च्या जवळ उतरते. या सगळ्या काळात पृथ्वीची ओढ तसूभरही बदललेली नसते. काट्याने तुम्हाला वर ढकलणे आणि तुम्ही काट्याला खाली दाबणे ही जोडी मात्र प्रत्येक क्षणी तंतोतंत समान राहते.

म्हणूनच फ्री बॉडी डायग्राम (एका वस्तूवरील बले बाणांनी दाखवणारी आकृती) काढताना वस्तू आजूबाजूच्या सगळ्यापासून सुटी करून तिच्यावर इतरांनी लावलेली बलेच दाखवावीत; तिने इतरांवर लावलेला एकही बाण त्या आकृतीत येता कामा नये.

प्रश्न : रंगारी वर चढू लागला की शिडी का सरकते? खालच्या पायऱ्यांवर तर ती पक्की असते.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : भिंत गुळगुळीत आहे आणि शिडीचे स्वतःचे वजन नगण्य आहे, असे धरू. ५ मीटरची शिडी भिंतीपासून ३ मीटरवर टेकवली, तर ती ४ मीटर उंचीवर भिंतीला लागते. ६०० न्यूटन वजनाचा माणूस मध्यावर असताना शिडीच्या पायाभोवती आघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम, म्हणजे बल × लंब अंतर) घेतले, तर भिंतीचे बल ६०० × १.५ ÷ ४ म्हणजे २२५ न्यूटन येते. तो टोकाला पोहोचला की तेच ४५० होते. हे आडवे बल तोलायला जमिनीवर घर्षणाशिवाय दुसरे काही नाही. जमिनीचा उभा आधार मात्र दोन्ही वेळी ६०० न्यूटनच राहतो, त्यामुळे घर्षणांक (घर्षण ÷ उभा आधार) आधी ०.३७५ पुरत होता, तो आता ०.७५ लागतो. सर्वांत खालच्या पायरीवर तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस उभा राहिला, तर उभा आधार दुप्पट होतो, पायाभोवतीचे आघूर्ण जवळपास वाढत नाही आणि पुन्हा ०.३७५ वरच काम भागते.