बघत उभं राहणं, हाही खेळच

‘माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो, पण बाहेर मुलांच्या घोळक्यात शिरतच नाही. बाजूला उभी राहून बघत बसते. लोक विचारतात, तेव्हा मीच ‘लाजाळू आहे हो’ म्हणते आणि घरी येऊन तिच्यावर चिडते. मीही लहानपणी अशीच होते, मुखदुर्बळ. हिचंही माझ्यासारखंच होणार का?’
– एक आई

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. लेकीच्या काळजीइतकंच त्यात तुमचं स्वतःचं लहानपण आहे. पण आधी तिच्याबद्दल बोलू.

ती नेमकी कुठे उभी राहते, हे एकदा नीट बघा. मुलांचं बोलणं ऐकू येईल इतकी जवळ असते ना? मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने बालवाडीच्या वयाच्या मुलांचा खेळ न्याहाळून १९३२ साली त्याची जी वर्गवारी मांडली, तिच्यात ‘बाजूला राहून बघणं’ याला वेगळी जागा आहे. रिकामं भटकणारं मूल निराळं आणि हे निराळं. बघणारं मूल खेळाचे नियम शिकत असतं. कोण ढकलतं, कोण खेळायला घेतं, हे सगळं टिपत असतं. घरी आल्यावर बाहुल्यांशी खेळताना तेच संवाद तिच्या तोंडून ऐकू येतात का, कान देऊन बघा.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून अनेक वर्षं मुलांच्या स्वभावाचा मागोवा घेतला. त्यांतली साधारण १५ टक्के मुलं ‘हळूहळू रुळणारी’ होती. थॉमस आणि चेस यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं: स्वभाव जन्मतः येतो, पण पुढे काय होतं ते त्या स्वभावाचं भोवतालच्या माणसांशी कितपत जुळतं यावर ठरतं. म्हणजे तुमच्यासारखा स्वभाव असला, तरी तुमच्यासारखंच होईल असं मुळीच नाही.

आता ‘लाजाळू’ हा शब्द मात्र आजपासून बंद. साडेचार वर्षांचं मूल आईच्या तोंडून जे ऐकतं, तेच स्वतःबद्दल खरं धरतं. कुणी विचारलंच, तर तिच्यादेखत म्हणा, ‘ती आधी बघते, मग खेळते.’ तिच्या वतीने उत्तरं देऊ नका आणि ‘जा ना, जा!’ म्हणून ढकलूही नका. पण ती रडवेली झाली की लगेच उचलून घरी आणणंही नको, त्याने भीती पक्की होते. घोळक्याऐवजी एकच मूल घरी बोलवा. इतर मुलं यायच्या थोडं आधी तिला मैदानावर न्या, म्हणजे भरल्या घोळक्यात शिरायची वेळच येणार नाही.

शाळा सुरू होऊन महिना उलटला, घरी बोलते पण शाळेत अवाक्षरही काढत नाही, असं असेल तर बालमानसतज्ज्ञांना जरूर भेटा. घरातही नजरेला नजर देत नसेल, तरीही.

आणि तुम्ही चिडता, ते मला समजतं. तिला तिथे उभी बघून तुम्हाला तुमचंच एकटं पडणं आठवतं. तुमच्या शेजारी तेव्हा धीराने थांबणारं कुणी होतं का, हे पत्रात लिहिलेलं नाही. ते मला लिहा, सविस्तर. त्यावर आपण पुढच्या वेळी बोलू.