पहिल्या संदेशासाठी एकच दाखला घे

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम. युवक उपासनेतला पहिलाच संदेश, आणि विषय दिलाय 'सुवार्ता व देवाचे राज्य'. वीस मिनिटांत एवढं सगळं मांडायला गेलीस तर मोठमोठे शब्दच ऐकू येतील. त्यापेक्षा मत्तय १८:२३-३५ हा एकच दाखला घे: राजा एका दासाचं प्रचंड कर्ज सोडतो, पण तोच दास शंभर दिनारांसाठी सोबतीच्या दासाला तुरुंगात टाकतो, तेव्हा राजा त्याला छळ करणाऱ्यांच्या हाती देतो.

तयारी मात्र मार्क १:१५ पासून कर. येशू आधी बातमी देतो की काळ पूर्ण झाला, देवाचं राज्य जवळ आलं. पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा, हे त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम सर्रास उलटतो. 'आधी सुधारा, मग देव जवळ घेईल' असं म्हटलं की सुवार्ता संपली, उरला नीतिपाठ. दुसरा घोळ 'स्वर्गाचे राज्य' या मत्तयाच्या शब्दांनी होतो. लोकांना वाटतं, मेल्यावर जायचं ठिकाण. मार्क आणि लूक त्याच दाखल्यांत 'देवाचे राज्य' म्हणतात. अर्थ देवाने राजा म्हणून कारभार हाती घेणं. तो येशूमध्ये सुरू झाला (मत्तय १२:२८) आणि पुरा व्हायचा आहे, म्हणून तर 'तुझे राज्य येवो' ही प्रार्थना.

आता दाखला. इथे फळ्यावर हिशोब मांड, लाजू नकोस. एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज (मत्तय २०:२). एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. दासाचं कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे ६ कोटी रोज. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी २ लाख वर्षं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की येशूच्या काळातला अधिपती हेरोद अंतिपा याला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे हे कर्ज त्या दोन प्रांतांच्या ५० वर्षांच्या उत्पन्नाएवढं! आणि तो दास म्हणतो, 'मला वागवून घ्या, सगळं फेडीन.' इथे लोक हसले तर हसू दे. तो मागतो मुदत. राजा कर्जच सोडतो.

आता दुसरी रक्कम, सोबतीचा दास या दासाला देणं लागतो ते शंभर दिनार. ती किरकोळ आहे असं चुकूनही म्हणू नकोस. आठवड्याला सहा दिवस काम धरलं तर चार महिन्यांची मजुरी होते. समोर बसलेल्यांत कुणाला भावाने जमिनीत फसवलं असेल, कुणाला नवऱ्याने टाकलं असेल. त्यांचं नुकसान तू हलकं केलंस की ते पुढचं काही ऐकणार नाहीत. ते खरंच मोठं आहे. फक्त पहिली रक्कम त्याच्या ६ लाख पट आहे.

सोडलेलं कर्ज हवेत विरत नाही, तोटा राजाच्या अंगावर येतो. दाखल्यात वधस्तंभाचा उल्लेख नाही, तो ओढूनताणून घुसवू नकोस. पण 'आपल्या कर्जाचा तोटा कुणी सोसला?' हा प्रश्न विचार आणि मग १ करिंथ १५:३-४ उघड: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. त्याच अध्यायात, २४व्या ओवीत, तो राज्य पित्याच्या हाती सोपवतो. एकाच अध्यायात दोन्ही आहेत, म्हणून क्षमा एका रविवारी आणि राज्य दुसऱ्या रविवारी अशी वाटणी करू नये.

दाखल्यातल्या प्रत्येक पात्राला अर्थ चिकटवत बसू नकोस. छळ करणारे कोण, बायकामुलं विकणं म्हणजे काय, यात दहा मिनिटं सहज जातात. ३५वी ओवी मात्र गाळू नकोस: तुम्ही मनापासून क्षमा केली नाही, तर स्वर्गीय पिताही तुमचं तसंच करील. ती कडक आहे, तशीच वाच.

शेवटी एक सावधगिरी. क्षमेवर संदेश झाला की मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि घरी जा' असं सांगणारं कुणीतरी निघतंच. म्हणून त्याच अध्यायातल्या १५ ते १७ ओव्या आधी वाचून घे: दोष एकांतात दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. अपराधाला अपराध म्हटल्यावरच पेत्राचा 'किती वेळा क्षमा करू?' हा प्रश्न येतो. हे तू स्वतः मोठ्याने सांग, आणि संदेशानंतर कुणी बाई बोलायला थांबली तर तिच्याजवळ कोण बसेल, ते पाळकांशी आधीच ठरवून ठेव.