ताप गेला, गाठ राहिली

प्रश्न : वय ४१. सांगली जिल्ह्यात खतं-औषधं विकण्याची फिरती नोकरी, दिवसभर मोटरसायकलवर. महिन्यापूर्वी थंडी वाजून ताप आला आणि उजव्या अंडाला लिंबाएवढी सूज. सोनोग्राफीत एपिडिडायमायटिस (अंडामागच्या नळीची सूज) निघाला, लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतूंच्या तपासणीत, ई. कोलाय हे जंतू. लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला. ठणका गेला, पण मागच्या बाजूला वाटाण्याएवढं कडक काहीतरी अजून लागतं. रोज रात्री बाथरूमची कडी लावून दाबून पाहतो, मग दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर वाचत बसतो : कॅन्सर, वंध्यत्व. एकच मुलगी आहे, दुसऱ्याचा विचार चालला होता. बायकोला ‘पाठ धरलीय’ एवढंच सांगितलंय. मी बरा होईन ना?
– एक वाचक

उत्तर : ताप उतरला, ठणका थांबला, म्हणजे औषध लागू पडलं आहे. आधी हे मनात घट्ट धरा.

अंडाच्या मागे एक बारीक नळी वेटोळी घालून बसलेली असते. उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरेल. तिथले जंतू औषधाने मरतात, पण आलेली सूज शरीर आपल्या सवडीनं ओसरवतं. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला तीन महिनेही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण याच टप्प्यावर घाबरतात, कारण गोळ्या संपल्या की सूजही संपेल असं त्यांना कुणी न सांगताच वाटलेलं असतं.

रोजचं दाबणं मात्र आजपासून बंद. दाबलं की ती जागा हुळहुळते, हुळहुळली की आजार वाढला असं वाटतं, आणि रात्र जाते. तपासायचंच तर रविवारी कोमट पाण्याच्या अंघोळीनंतर, एकदाच, हलक्या हातानं. महिन्याभरात गाठ वाढतेय की घटतेय, एवढंच बघा.

कॅन्सरची गाठ सहसा खुद्द अंडात असते, न दुखणारी, आणि ती अशी थंडी-तापाने येत नाही. तुमची मागच्या नळीत आहे आणि सोनोग्राफीनंही तेच सांगितलंय. पण सहा आठवड्यांनंतरही ती तशीच राहिली तर पुन्हा सोनोग्राफी करा. आपल्याकडे क्षयामुळेही तिथे गाठ राहते, म्हणून डॉक्टर त्याची तपासणी सांगतील. त्यावर औषध आहे. रक्तातली साखर आणि लघवीची धारही या निमित्तानं तपासून घ्या. या वयात लघवीतले जंतू इथवर पोचले, तर त्यामागचं कारण शोधायला हवं.

मूल होण्याची क्षमता एका बाजूच्या अशा संसर्गानं सहसा जात नाही. वीर्यतपासणीची घाई नको. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी केलेला रिपोर्टच खरा. आत्ता कमी आकडा आला तर उगाच झोप उडेल.

झोपेवरून आणखी एक. लिव्होफ्लॉक्सासिननंही काहींची झोप उडते, जीव घाबरा होतो. म्हणजे सुरुवातीच्या त्या रात्रींमध्ये गोळीचाही वाटा असू शकतो. आता ती थांबली आहे.

गाडीवर जाताना घट्ट सपोर्टर घाला, अधूनमधून उतरून चार पावलं चाला.

आणि बायकोला सांगा. हा ई. कोलायचा संसर्ग आहे, बाहेरच्या संबंधातून आलेला नाही. त्यांच्या मनात ती शंका यायच्या आत कल्चरचा कागदच पुढे ठेवा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. तुम्ही संकोचाने न विचारलेले दोन प्रश्न त्या हमखास विचारतील.

पुन्हा थंडी-ताप आला, कातडी लाल होऊन सूज वाढली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक असह्य कळ, सोबत उलटी, असं झालं तर तासाभराचाही उशीर नको, मग रात्र असो. बाकी रात्री मोबाइल हातात घ्यावासा वाटलाच, तर १४४१६ लावा. टेली-मानसची ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.