मानमोडीत गेलेल्या पणजोबांची नोंद कुठे सापडेल?

प्रश्न: माझे पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले असं घरात सांगतात, गाव सातारा जिल्ह्यात आहे, पण कागद एकही नाही. शोध कुठून सुरू करू?

उत्तर: ताई, आधी तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जा आणि गावाचं कोतवाल बुक मागा, म्हणजे गाव नमुना १४, त्यात जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, नकलेसाठी साधा अर्ज द्यायचा. सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची पानं नीट बघा, पण कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएन्झा शोधत बसू नका, तेव्हा खेड्यात डॉक्टर कुठला, बहुतेक मृत्यू नुसते 'ताप' म्हणून लिहिलेत. आणि एकाच आडनावाची लागोपाठ नावं दिसली की मन घट्ट करावं लागतं, एकेका घरातून दोन-तीन माणसं गेलीयेत. मजकूर मोडी लिपीत असणार, त्यामुळे मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्याच, फोटोवरून वाचणं फार अवघड जातं.

तिथं नाहीच मिळालं तर जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी काढा, वारसाची नोंद कधीकधी वर्षा-दोन वर्षांनी पडायची, म्हणून १९२१ पर्यंतचे बघा. माझा जास्त भरवसा फेरफारांवरच आहे कारण त्यात वारसांची नावं नात्यासकट येतात. घरचं कुणी पूर्वी नाशिक-त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्याही विचारा, गाव आणि आडनाव सांगितलं की ते शोधून देतात.