वाचनासाठी अनुदान मागताना कपाटाआधी माणूस मागा

मॅडम, तुमची शाळा गगनबावड्याकडची, द्विशिक्षकी, पट ३८. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ग्रंथालयासाठी येणारे वर्षाचे ५,००० रुपये पुरत नाहीत, तेव्हा एखाद्या ट्रस्टकडून किंवा कंपनीकडून वाचन आणि इतर उपक्रमांसाठी मदत कशी मिळवायची आणि अर्जात काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातल्या एका छोट्या ट्रस्टमध्ये बारा वर्षं शाळांचे अर्ज वाचतोय, म्हणून देणाऱ्याच्या बाजूनं जे दिसतं ते सांगतो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं आम्ही नुसती पुस्तकं आणि कपाटं देत होतो. राधानगरीकडच्या एका शाळेला तीनशे पुस्तकं आणि लोखंडी कपाट दिलं, फोटो काढला आणि परत आलो. दीड वर्षानं गेलो तर कपाट ऑफिसात, कुलूपबंद. आतल्या पुस्तकांचा कोरा वाससुद्धा गेला नव्हता. गुरुजींना बोल लावायला जागा नव्हती. पुस्तकं साठा नोंदवहीत चढलेली, एखादं हरवलं तर तपासणीत त्यांनाच उत्तर द्यावं लागणार. चूक आमची होती. ‘वर्षभरात काही पुस्तकं फाटतील, काही हरवतील, आमची हरकत नाही’ एवढं एक वाक्य आमच्या पत्रात असतं तर ते कुलूप निघालं असतं. आता ते वाक्य आमच्या प्रत्येक मंजुरीपत्रात असतं. तुम्ही कुणाकडूनही मदत घ्या, हे वाक्य आधी लेखी मागून घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पुस्तकं आली म्हणून मूल वाचायला लागत नाही. कुणीतरी शेजारी बसून रोज त्याच्याबरोबर वाचावं लागतं. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, त्यात पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं. पहिलीच्या सहा पोरांना मांडीशी घेऊन गोष्ट वाचायला वेळ कुठून येणार? म्हणून अर्जात वाचनताईचं मानधन मागा. गावातलीच बारावी झालेली मुलगी किंवा सूनबाई, रोज दोन तास, महिना ३,००० धरले तर दहा महिन्यांचे ३०,००० होतात. पुस्तकांना २०,००० आणि चित्रकला, मातीकाम, सहल अशा गोष्टींना १०,००० धरा. एकूण ६०,००० आणि तेही एका वर्षासाठी नको, तीन वर्षांसाठी मागा. बरेच देणगीदार मानधनाला नाक मुरडतात, त्यांना डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी असते. तरीही हा आकडा खोडू नका. कमी करायचंच झालं तर पुस्तकांच्या रकमेत कपाट धरलं असेल ते खोडा.

अर्जाचं सगळ्यात वजनदार पान कुठलं, तर मुलांची यादी. खेड्यांतल्या मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून जी सोपी चाचणी वापरतात तीच घ्या: अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. ३८ मुलं दोन दिवसांत होतात. कुठलं मूल कुठं अडकलंय ते मांडा, नावांऐवजी क्रमांक लिहा आणि वर्षाअखेर पुन्हा हीच चाचणी घेऊ असं नमूद करा. शाळेचा इतिहास सांगणारे चार पानी अर्ज माझ्याकडे ढिगानं येतात, अशी यादी वर्षाकाठी एखाद-दुसरीच येते, आणि ती आली की बैठकीत दुसरी चर्चा होत नाही.

पुस्तकं निवडताना पहिली-दुसरीसाठी पानावर एक-दोन ओळींची चित्रपुस्तकं घ्या. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घेता येतात. कुणी घरातली जुनी जाडजूड पुस्तकं द्यायला लागलं तर गोड बोलून नाही म्हणा.

इतर उपक्रम वाचनाला जोडून घेतले तरच टिकतात. आमच्या मदतीतून एका शाळेनं शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून एका मूर्तिकाराला बोलावलं. मुलांनी दिवसभर माती मळली, दुसऱ्या दिवशी ‘गणपती कसा करतात’ हे स्वतः लिहून, चित्रं काढून आठ पानी पुस्तक शिवलं. त्या वर्षी शाळेत सगळ्यात जास्त वेळा घरी गेलेलं पुस्तक तेच. ‘बाई, ह्ये घरला न्हेऊ का?’ म्हणून पोरांची भांडणं लागायची. सहल न्यायचीच असेल तर कोल्हापुरातल्या करवीर नगर वाचन मंदिरात, १८५० सालच्या ग्रंथालयात न्या, एवढी पुस्तकं एका जागी त्यांना कधी दिसणार?

आता पैशाची वाट. कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. शिक्षण त्यात बसतं आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. त्यामुळे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या एमआयडीसीपासून सुरुवात करा. कंपनी हा खर्च स्वतः करू शकते, किंवा संस्थेमार्फत. पण त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी हवी, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. जिल्हा परिषद शाळेकडे ती नसते, म्हणून तालुक्यातली नोंदणी असलेली संस्था सोबत घ्या. आमच्यासारखे छोटे ट्रस्ट थेट शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावावर वस्तू आणि मानधन देतात. ठरावाची प्रत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र आधीच जोडा, त्यावाचून अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. ट्रस्टला कुणी रोख देणगी देणार असेल तर २,००० च्या वरच्या रोख रकमेला देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगा.

समितीला नुसती सहीपुरती ठेवू नका. तिच्यात ७५ टक्के पालक असतात. वाचनताई त्यांनी निवडावी, हजेरी त्यांनी बघावी. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या बोर्डिंगांना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना, जागा आणि पैसा दिला, पण ती चालवली त्या त्या समाजाच्या माणसांनी. कोल्हापुरातल्या देणाऱ्याला ही रीत समजावून सांगावी लागत नाही.

कंपन्यांचं वर्ष मार्चला संपतं, जानेवारीत त्यांची घाई सुरू होते. तुमचा अर्ज नोव्हेंबरात त्यांच्या हातात हवा. आणि एक, तुमच्याकडचा पाऊस बघता पुस्तकं भिंतीला लागून ठेवू नका, बुरशी धरते. वर्गात सुतळी बांधून चिमट्यांनी टांगा, पोरांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. यादी तयार झाली की मला पाठवा, अर्जाचा मसुदा मी बघून देतो.